कैरोला जाताना कोणते पुस्तक घ्यावे?

उमराहला जोडून कैरो, इस्तंबूल किंवा जेरुसलेम पाहून येण्याची पद्धत आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. निघण्यापूर्वी औषधे, कपडे, चलन, जेवणाची सोय यांची चौकशी काटेकोरपणे होते. पुस्तकाची चौकशी मात्र फारसे कोणी करत नाही. सहल काढणाऱ्याने दिलेल्या चार पानांच्या पत्रिकेवर किंवा विमानतळावरच्या दुकानात दिसलेल्या एखाद्या रंगीत पुस्तकावर भागवले जाते. मोबाइलवर सगळे मिळते, असे म्हणून पुष्कळदा तेही टळते. पण ऐतिहासिक शहरात आपण काय पाहणार आणि कशाकडे पाठ फिरवणार, हे बऱ्याच अंशी हातातले पुस्तक ठरवते. ज्या इमारतीचा त्यात उल्लेख नाही तिच्या दारातून आपण बोलत बोलत पुढे निघून जातो.

म्हणून मुस्लिम जगातील जुन्या शहरांसाठी मार्गदर्शक पुस्तक कसे निवडावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याचा विचार एका शहराच्या आधारे करू. कैरो निवडण्याचे कारण असे की हजार वर्षे या शहराविषयी मार्गदर्शक लिहिले जात आहेत. लिहिणारे कधी परके होते, कधी घरचे. त्यांची पुस्तके शेजारी शेजारी ठेवली की कोणते काय दाखवते आणि काय झाकते, हे लख्ख दिसते.

आपल्याच परंपरेतील मार्गदर्शक

प्रवाशांसाठी पुस्तके लिहिणे ही युरोपची देणगी आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. फातिमी खलिफांनी ९६९ मध्ये अल-काहिरा वसवले. त्यानंतर ऐंशी वर्षांच्या आत, १०४७ मध्ये, फारसी कवी नासिर खुस्रो तेथे पोहोचला. त्याच्या सफरनाम्यात बाजार, दुकाने, घरे आणि उंच इमारती यांचे मोजून-मापून केलेले वर्णन आहे. शहरात वीस हजार दुकाने असून ती सगळी सुलतानाच्या मालकीची आहेत, असे तो लिहितो. आकडा कदाचित ऐकीव असेल, पण भाडे कोण घेतो हा प्रश्न त्याला पडला, हे महत्त्वाचे.

११८३ मध्ये अंदलूसचा इब्न जुबैर हजला जाताना कैरोत थांबला. इब्न तुलूनच्या मशिदीत मगरिबहून आलेल्या परदेशी माणसांना आसरा दिला जातो आणि त्यांना सरकारातून नेमणूक मिळते, हे त्याने नोंदवले. ही मशीद ८७६ ते ८७९ या काळात बांधली गेली. तिच्या कमानी, नक्षी आणि वळणदार जिन्याच्या मनोऱ्याविषयी आजची पुस्तके पानेच्या पाने लिहितात. ती कधीकाळी परक्यांचे घर होती, ही गोष्ट इब्न जुबैरकडूनच कळते. इमाम शाफई यांच्या कबरीशेजारी सलाहुद्दीनने बांधलेला मदरसाही त्याने पाहिला. तो इतका विस्तीर्ण होता की त्याला ते एक स्वतंत्र गावच वाटले.

यापुढचा टप्पा खास मार्गदर्शकांचा. कैरोच्या दक्षिणेला पसरलेल्या कराफा या कबरस्तानात जियारतीसाठी माणसे जथ्याने जात. कोणत्या वाटेने जावे, कोणाची कबर कोठे आहे, तेथे काय पढावे, हे सांगणारी पुस्तके त्यांच्यासाठी लिहिली गेली. १२१८ मध्ये वारलेल्या इब्न उस्मानचे ‘मुर्शिद अज-जुव्वार’ हे त्यांपैकी एक. नावाचा अर्थच ‘जियारत करणाऱ्यांचा वाटाड्या’ असा आहे. या पुस्तकांत करामतींच्या कथा पुष्कळ आहेत आणि इतिहास म्हणून त्या जशाच्या तशा स्वीकारता येणार नाहीत. परंतु त्यांत उलेमांबरोबर व्यापारी, कारागीर आणि धर्मपरायण स्त्रियाही आहेत. सुलतानांच्या मकबऱ्यांपुरते ते शहर नाही.

या परंपरेचा कळस म्हणजे अल-मकरीझीचे ‘खितत’. मकरीझी १३६४ मध्ये कैरोतच जन्मला, तेथेच वाढला आणि काही काळ बाजारांची देखरेख करणारा मुहतसिब होता. पंधराव्या शतकाच्या आरंभी नाईलला पुरेसे पाणी आले नाही. दुष्काळ आणि रोगराईने मोहल्लेच्या मोहल्ले ओस पडले. तेव्हा मकरीझीने गल्लीमागून गल्ली, बाजारामागून बाजार लिहून काढायला घेतला. मेणबत्त्यांचा बाजार पूर्वी मध्यरात्रीपर्यंत कसा गजबजलेला असे आणि त्याच्या डोळ्यांदेखत तेथे मोजकीच दुकाने कशी उरली, हे तो सांगतो. शहर जाते आहे, निदान त्याची नोंद राहू द्यावी, ही त्याची तळमळ प्रत्येक पानावर जाणवते. आपल्याकडे सर सय्यद अहमद खान यांनी १८४७ मध्ये दिल्लीच्या इमारतींवर ‘आसार-उस-सनादीद’ लिहिले. त्यातील कितीतरी वास्तू १८५७ नंतर राहिल्या नाहीत. त्या कशा होत्या हे आज त्या पुस्तकावरून समजते. असे पुस्तक प्रवाशाला वाट दाखवतेच, पण शहराच्या बाजूने साक्षही देते.

एकोणिसाव्या शतकात अली मुबारक यांनी मकरीझीचा धागा पुढे नेला. त्यांचे ‘अल-खितत अत-तौफिकिया’ वीस भागांत प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे ते स्वतः अभियंता आणि मंत्री होते. १८७० च्या दशकात जुन्या वस्तीतून सरळ, रुंद रस्ते काढण्याच्या कामात त्यांचा हात होता. एका हाताने शहराची नोंद आणि दुसऱ्या हाताने त्यातून रस्ता, असा हा पेच आहे. तो आजही सुटलेला नाही.

लाल बांधणीची पुस्तके

जॉन मरे या लंडनच्या प्रकाशकाने १८४७ मध्ये इजिप्तचे प्रवासी-पुस्तक काढले. ते गार्डनर विल्किन्सन या विद्वानाने लिहिले होते. १८७० च्या दशकात जर्मन बेडेकर आले. लाल बांधणी, बारीक छपाई, घडीचे नकाशे आणि पाहण्याजोग्या स्थळापुढे तारका, अशी त्याची ओळख. याच काळात टॉमस कुकच्या सहली नाईलवर सुरू झाल्या आणि ‘तारका असलेले तेवढे पाहायचे’ ही सवय जगभर पसरली.

या पुस्तकांना सरसकट नावे ठेवणे योग्य होणार नाही. बेडेकरच्या इजिप्तवरील पुस्तकात इस्लामी वास्तुकलेवरचे प्रकरण फ्रान्झ पाशा या कैरोत काम केलेल्या स्थापत्यकाराने लिहिले होते. नकाशे उत्तम होते आणि मोजमापे विश्वासार्ह. आज पडलेल्या किंवा बदललेल्या इमारतींचा शोध घेणारे अभ्यासक अजूनही त्या जुन्या आवृत्त्या उघडतात. पण त्याच पुस्तकात ‘पौर्वात्यांशी वागावे कसे’ असे एक प्रकरण आहे. त्याचा सूर असा की, येथला माणूस प्रत्येक युरोपीय प्रवाशाला कुबेर समजतो आणि बक्षिशीसाठी हात पुढे करतो. शहराच्या दगडांविषयी आदर आणि शहराच्या माणसांविषयी सावधगिरी, असा हा हिशेब होता.

ही वृत्ती उघड शब्दांतच दिसते असे नाही. ती पानांच्या वाटपातही दिसते. इ. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२२ मध्ये अलेक्झांड्रियाचा इतिहास व मार्गदर्शक लिहिला. त्याची रचना सुंदर आहे. इतिहासाच्या भागातून स्थळाकडे आणि स्थळावरून इतिहासाकडे वाचकाला सहज जाता येते. परंतु ग्रीक आणि ख्रिस्ती काळ सविस्तर सांगून झाल्यावर अरब काळाची हजारेक वर्षे तो मोजक्या पानांत गुंडाळतो आणि नेपोलियनपाशी येतो. ज्या शहरात तो राहत होता, ज्या शहरात त्याला जिवलग इजिप्शियन मित्र मिळाला, त्याची हजार वर्षे त्याच्या लेखी जवळजवळ रिकामी होती.

यातून पुस्तक निवडण्याची पहिली कसोटी मिळते. दुकानात पुस्तक हातात घ्यावे, इतिहासाचे प्रकरण उघडावे आणि पाने मोजावीत. फिरऔनांना किती, ग्रीक-रोमनांना किती आणि ६४१ पासून १७९८ पर्यंतच्या साडेअकराशे वर्षांना किती? दोन परिच्छेदांत हा काळ संपत असेल तर ते पुस्तक पिरॅमिडसाठी खुशाल न्यावे. जुन्या कैरोत ते आपल्या उपयोगाचे नाही.

क्रमांक मिळालेल्या इमारती

१८८१ मध्ये खेदिव तौफिक याने अरब कलेच्या वास्तूंच्या जतनासाठी एक समिती नेमली. तिला फ्रेंच नावावरून ‘कोमिते’ म्हणतात. तिने इमारतींची यादी केली आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. जुन्या कैरोत फिरताना भिंतीवर लहान हिरवी पाटी आणि तीवर क्रमांक दिसतो, तो या यादीतला. चांगल्या मार्गदर्शकात इमारतीच्या नावापुढे हा क्रमांक असतोच. गल्ल्यांची नावे बदलतात, उच्चार वेगळे असतात, विचारलेला माणूस भलतीच मशीद दाखवतो, अशा वेळी तो फार कामी येतो. पुस्तकात तो नसेल तर लेखक गल्लीत कितपत फिरला असेल, अशी शंका घ्यायला जागा आहे.

समितीने असंख्य इमारती वाचवल्या, हे निर्विवाद. पण वाचवताना तिने मशिदींच्या भिंतींना लागून असलेली दुकाने आणि खोपटी हटवली. इमारत मोकळी दिसावी, छायाचित्र नीट यावे, ही युरोपीय नजर त्यामागे होती. खरे पाहता कैरोतील कित्येक मशिदींच्या बांधणीतच खाली दुकाने असत. त्यांचे भाडे वक्फात जाई आणि त्यातून इमाम, मुअज्जिन, विद्यार्थी यांचा खर्च चाले. दुकानाशिवाय मशीद पाहणे म्हणजे विहिरीशिवाय मळा पाहणे.

दुसरी कसोटी येथे आहे. पुस्तक वक्फाविषयी काही सांगते का? सुलतान कलावूनने १२८४-८५ मध्ये रुग्णालय, मदरसा आणि मकबरा एकत्र बांधले. बहुतेक पुस्तके मकबऱ्याच्या संगमरवरावर थांबतात. रुग्णालय स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत सर्वांसाठी खुले होते आणि त्याचा खर्च नेमून दिलेल्या मिळकतींतून होई, हे सांगणारे पुस्तक खरे कलावून दाखवते. सुलतान हसनची मदरसा-मशीद १३५६ मध्ये सुरू झाली. तिच्या चौकाच्या चार कोपऱ्यांत चार मसलकांचे चार मदरसे का आहेत, हे न सांगता केवळ उंची सांगणारे पुस्तक आपल्याला बाहेरच उभे ठेवते.

अब्द अर-रहमान कतखुदाचा १७४४ चा सबील-कुत्ताब हे आणखी सोपे उदाहरण. खाली वाटसरूंसाठी पाणपोई आणि वर मुलांचा मकतब. पाणी पाजणे आणि कुरआन शिकवणे ही दोन सवाबाची कामे एकाच लहानशा इमारतीत आणली आहेत. आपल्याकडच्या कोणाही आजीला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. पण ‘अलंकृत उस्मानी कारंजे’ एवढेच लिहिणाऱ्या पुस्तकाच्या वाचकाला ती कधीच कळणार नाही.

तिसरी कसोटी सनांची. चांगले पुस्तक हिजरी आणि इसवी दोन्ही सने देते. दारावरच्या शिलालेखात हिजरी सन असते. ते पुस्तकातल्या सनाशी जुळवता आले की आपण स्वतः शिलालेख वाचू लागतो. आपल्यापैकी बहुतेकांना अरबी लिपी येते. युरोपीय प्रवाशाला नसलेली ही सोय आपल्याला आहे आणि आपण ती वापरत नाही.

चौथी कसोटी आवृत्तीच्या वर्षाची. ऑक्टोबर १९९२ च्या भूकंपाने जुन्या कैरोतील अनेक वास्तूंना तडे गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकातील ‘उघडे’ आणि ‘बंद’ या नोंदींना आता अर्थ नाही. २००५ मध्ये अल-अजहर उद्यान खुले झाले आणि त्याच्या कडेची अय्यूबी तटबंदी दिसू लागली. जानेवारी २०१४ च्या बॉम्बस्फोटात इस्लामी कला संग्रहालयाचे मोठे नुकसान झाले. ते २०१७ मध्ये पुन्हा उघडले. पुस्तकाला यांतले काय माहीत आहे, ते पाहावे.

या कसोट्यांवर उतरणारी पुस्तके आहेत. रिचर्ड पार्कर आणि रॉबिन साबिन यांनी १९७४ मध्ये कैरोच्या इस्लामी वास्तूंवर एक छोटे पुस्तक काढले. पुढे कॅरोलाइन विल्यम्स यांनी ते आवृत्तीगणिक वाढवत नेले. सातवी आवृत्ती २०१८ ची आहे. पायी फिरण्याच्या वाटांनुसार ते रचलेले आहे. डोरिस बेहरेन्स-अबूसेफ यांचा १९८९ चा वास्तुकलेचा परिचयग्रंथ निघण्यापूर्वी घरी वाचावा असा. मम्लूक कलेवर इजिप्शियन अभ्यासकांनीच लिहिलेले एक प्रवासी-पुस्तक भूमध्य देशांच्या एका मालिकेत निघाले आहे. तेथील माणूस आपले शहर कसे दाखवतो हे त्यात कळते. निकोलस वॉर्नर यांचा २००५ चा नकाशासंग्रह खिशात मावणार नाही, पण वाचनालयात बसून पाहण्याजोगा आहे.

मुंबईहून गेलेला संगमरवर आणि दोन मते

पुस्तकाचा खरा कस वादग्रस्त जागी लागतो. बाब अल-फुतूहजवळची अल-हाकिम मशीद हे त्याचे उत्तम उदाहरण. ९९० मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले आणि १०१३ मध्ये ती पूर्ण झाली. नंतरच्या शतकांत तिचा वापर फ्रँक कैद्यांच्या तुरुंगासाठी झाला. नेपोलियनचे सैन्य तेथे राहिले. १८८० च्या दशकात तिच्या अंगणात अरब कलेचे संग्रहालय थाटले गेले. जुनी पुस्तके तिचे वर्णन ओसाड अवशेष असेच करतात.

मग दाऊदी बोहरा समाजाने तिचा जीर्णोद्धार हाती घेतला. या समाजाचे धर्मगुरू सय्यदना मुहम्मद बुरहानुद्दीन यांचे पीठ मुंबईत होते. १९८० मध्ये मशीद पुन्हा नमाजसाठी खुली झाली. अंगण पांढऱ्या संगमरवराने झळाळू लागले. २०२३ मध्ये त्याच समाजाच्या साहाय्याने पुन्हा झालेले दुरुस्तीचे काम पूर्ण झाले. वास्तू-जतनाच्या अनेक जाणकारांना १९८० चे काम पसंत पडले नाही. जुने पुसून नवे चढवले, असा त्यांचा आक्षेप. तो निराधार नाही, कारण मूळ विटा-दगड आणि नवी भर यांतला भेद तेथे सहज कळत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. फातिमी इमामांशी ज्यांची श्रद्धा जोडलेली आहे त्यांच्या दृष्टीने ही मशीद अवशेष कधीच नव्हती. ती सजदा करण्याची जागा होती आणि पडकी होती. पडकी मशीद उभी करणे हे त्यांनी कर्तव्य मानले. केवळ नाक मुरडणारे पुस्तक येथे अपुरे पडते आणि केवळ गौरव करणारी पत्रिकाही. कोणते दगड अकराव्या शतकातले, कोणता संगमरवर विसाव्यातला, आणि तो कोणी व का आणला, हे तिन्ही सांगेल ते पुस्तक घ्यावे. निर्णय वाचक अंगणात उभा राहून करील.

इतर शहरांतही हीच कसोटी लावता येते. इस्तंबूलची आयासोफिया १४५३ मध्ये मशीद झाली, १९३० च्या दशकात संग्रहालय झाली आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद. या तिन्ही अवस्थांविषयी शांतपणे बोलणारे पुस्तक शोधावे. रॉस बर्न्स यांचे सीरियाच्या वास्तूंवरील पुस्तक १९९२ मध्ये आले. हलबच्या उमय्या मशिदीचा अकराव्या शतकातला मनोरा एप्रिल २०१३ मध्ये युद्धात कोसळला. युद्धापूर्वीची ती आवृत्ती आज मकरीझीच्या ओळीत जाऊन बसली आहे.

इमाम शाफईंच्या दारात

शेवटी कराफ्याकडे वळू. कोकणातील मुसलमान शाफई मसलकाचे आहेत. रत्नागिरी-रायगडच्या खेड्यांतील मशिदींत ज्यांच्या पद्धतीने नमाज अदा होते ते इमाम शाफई हिजरी २०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ८२० मध्ये, वारले. कैरोच्या या कबरस्तानात त्यांची कबर आहे. तिच्यावरचा कोरीव लाकडी संदूक सलाहुद्दीनच्या काळातला, ११७८ चा, आणि वरचा घुमट १२११ चा. घुमटाच्या टोकावर धातूची छोटी होडी आहे. तिच्यात पक्ष्यांसाठी दाणे ठेवत असे काही सांगतात. कोणी ती इमामांच्या ज्ञानसागराची खूण मानतात. मोठ्या दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये ही वास्तू पुन्हा खुली झाली.

मात्र तिच्या सभोवतीचे कबरस्तान तसे राहिलेले नाही. २०२० पासून कैरोच्या ऐतिहासिक कबरस्तानांतून रस्ते आणि उड्डाणपूल काढण्याची कामे सुरू झाली आणि अनेक कौटुंबिक कबरी पाडल्या गेल्या. नोंद असलेल्या ऐतिहासिक वास्तूंना धक्का लावलेला नाही, असे सरकारचे म्हणणे. स्थानिक अभ्यासक आणि स्वयंसेवकांचे उत्तर असे की, नोंद नाही म्हणून मोल नाही असे कसे ठरते? त्यांतले काही तरुण पाडापाडीच्या आधी जाऊन कबरींवरील शिलालेखांची छायाचित्रे घेत होते, संगमरवरी पाट्या जपून ठेवत होते. त्यांच्या हाती बऱ्याचदा जुन्या जियारतीच्या पुस्तकांचाच आधार होता.

क्रमांक आणि तारका यांचा खरा अर्थ येथे उघड होतो. ज्या इमारतीला पाटी मिळाली तिच्यासाठी कोणी तरी बोलले. जिला मिळाली नाही ती रस्त्यात आली. प्रवासी-पुस्तक ही यादीच असते. काय पाहावे हे सांगता सांगता काय टिकावे हेही ती ठरवते. आपण पुस्तक विकत घेतो तेव्हा त्या यादीला आपले मत देत असतो.

म्हणून सल्ला इतकाच की कैरोला जाताना एका पुस्तकावर विसंबू नये. वाटा, क्रमांक आणि नव्या नोंदी देणारे एक ताजे पुस्तक घ्यावे. दुसरे जुने घ्यावे, इब्न जुबैरचे किंवा नासिर खुस्रोचे. त्यांची भाषांतरे मिळतात. ज्यांना उर्दू किंवा इंग्रजी सहज वाचता येते त्यांनी घरातल्या इतरांसाठी आठ-दहा पाने मराठीत उतरवून काढावीत. आणि इमाम शाफईंच्या घुमटाखाली फातिहा पढून झाल्यावर लगेच बसकडे परतू नये. बाहेरच्या गल्लीत जी कबर पुस्तकात नाही, जिला पाटी नाही, तिच्यावरचे नाव आणि हिजरी सन वाचावे आणि वहीत लिहून घ्यावे. मकरीझीने याहून निराळे काही केले नव्हते.